हँडलवरच्या अक्षता

आमच्या देवासच्या घरात नवं वाहन पूजेशिवाय दाराबाहेर जात नाही. भाड्याचं असलं तरी माझ्या लेखी वाहन ते वाहनच. म्हणून मांडवच्या किल्ल्यावर फिरायला भाड्याच्या बॅटरीच्या सायकली हातात आल्या, तशी मी पर्समधून कुंकवाची डबी काढली. ह्यांच्या सायकलीच्या हँडलवर मोटर-बॅटरी दाखवणारा एक छोटा पडदा होता, शेजारी मोटरचं बटण. त्यावरच ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि वर मूठभर अक्षता टाकल्या. माझ्या सायकलीला नुसतं बोट लावलं. काळजी ह्यांचीच होती ना!

वर्षापूर्वी ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून हा माणूस फाटकापलीकडे जाईना. भाजी आणायला म्हटलं तरी, "आता माझ्याच्यानं नाही व्हायचं." ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. शेवटी मी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, मोटरची सायकल चालेल, फक्त चढावर मोटर लावा.

सायकलवाले भिया, म्हणजे भैया, पुढे, हे मध्ये, मागे मी. पाऊस नुकताच सरला होता. एका अंगाला कापलेल्या सोयाबीनची शेतं, दुसऱ्या अंगाला दरी आणि पार खाली धुरकट निमाडचा मुलूख. वारा इतका गार की दिवसभर असंच जात राहावं. पण माझं लक्ष ह्यांच्या पाठीवर.

"अहो, मोटर चालू आहे ना?"

"आहे गं! बटण दाबलंय."

दर पाच मिनिटांनी हेच. शेवटी भिया म्हणाले, "आंटी, बाबूजी को चलाने तो दो!" मी गप्प बसले, म्हणजे मनातल्या मनात विचारत राहिले.

मग चढ आला. माझी सायकल आपसूक वर निघाली. हे मात्र धापा टाकत, दोनदा थांबत आले आणि वरच्या खुरासानी चिंचेच्या, म्हणजे गोरखचिंचेच्या, झाडाखाली मान घालून बसले.

"मोटर असून ही गत. संपलं गं. आता मला कुठं नेऊ नकोस."

मीच हौसेनं आणलं होतं, जळो ती हौस! मी पाण्याची बाटली पुढं केली.

तेवढ्यात भिया ह्यांच्या सायकलीची बॅटरी बघायला गेले. रुमालानं माझं स्वस्तिक पुसलं आणि थबकले. "बाबूजी, बैटरी तो पूरी है, मोटर जीरो पे है. मोटर चालू ही नहीं हुई." मग किल्लीच्या टोकानं त्यांनी बटणाच्या फटीतून तांदळाचा एक दाणा काढला. माझ्याच अक्षतांतला! बटण दबतच नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. "अगं बाई! मारलंच असतं की मी तुम्हाला!"

हे उठले. खालच्या वळणापासून वरपर्यंत सगळा चढ न्याहाळत राहिले. मग छातीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "म्हणजे हा चढ मीच चढलो?"

"तुम्हीच," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

परतताना भियांनी ह्यांची मोटर नीट चालू करून दिली. डोळे पुसता पुसता मीच मागे पडले. पुढच्या वळणावरून हाक आली.

"अगं, मोटर चालू आहे ना?"