धरलेला श्वास

बोईसरला माणूस सुट्टीवर गेला म्हणजे गावी गेला, असंच धरून चालतात. आम्ही सांगलीकडचे, शेजारचे जळगावकडचे, खालच्या मजल्यावरचे थेट बिहारचे. मे महिन्यात नाहीतर दिवाळीत जो तो आपापल्या दिशेला निघतो आणि येताना तिकडचं काहीतरी पिशवीत घालून आणतो. त्यामुळे मी रजेच्या अर्जावर 'अंदमान, कौटुंबिक सहल' असं लिहिलं तेव्हा आमच्या शिफ्टला दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

माझ्याबरोबर काम करणारा एक जण इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीमचा, मासेमारीच्या घरातला. त्याला मी सांगितलं की पोरगी आम्हाला समुद्राच्या तळाशी मासे बघायला नेते आहे, पाठीवर हवेची टाकी बांधून. "आमचा जन्म समुद्रावर गेला, पन खाली जाऊन बगावं असं कोनाला वाटलं नाय," तो म्हणाला. "मासं ताटात बगायचं. तुमाला हौस हाय तर जा."

हौस माझी नव्हती, पोरीची होती. एकुलती एक, तेवीस वर्षांची, इथल्याच एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नुकती चिकटलेली. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती म्हणून तिने परस्पर सगळं ठरवलं. तिची आई विमानाला घाबरत होती, बोटीला घाबरत होती, तिथे चटणी मिळेल का म्हणूनही घाबरत होती. मी मात्र कशालाच घाबरत नव्हतो. बावीस वर्षं केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून काढलेल्या माणसाला एक मस्ती असते, ती मलाही होती.

आमच्या कंपनीच्या छपरावर एक नारंगी कापडी पिशवी लावलेली आहे. वारा कुठून कुठे वाहतो ते ती दाखवते. कामावर पहिल्या दिवशी ती दाखवतात आणि सांगतात, गॅस सुटला तर पहिला श्वास घ्यायचा नाही. तोंड मिटायचं, नाक दाबायचं, पिशवी बघायची आणि वाऱ्याला आडवं पळायचं. ज्याने पहिला श्वास घेतला तो गेला. पुढे हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते घसा ताणून शिकवलं. शिकवताना मला फार बरं वाटायचं. आमच्या धंद्यात तेवढी एकच गोष्ट अशी होती की जिच्यामुळे कुणाचा तरी जीव वाचणार होता.

तेव्हा आम्ही पाम गावाच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहायचो. कंपन्यांची भिंत जवळ. संध्याकाळ झाली की कधी कुजक्या अंड्यांचा वास, कधी डोळे चुरचुरणारा. पोरगी बालवाडीत जायला लागली तशी मी तिलाही शिकवायला घेतलं. खेळच केला त्याचा. आमच्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत श्वास धरून पळायचं. मी पुढे उभा राहून बघायचो. ती गाल फुगवून, दोन बोटांत नाक धरून यायची, आणि पोचली की आधी माझ्या तोंडाकडे बघायची. मी "शाब्बास" म्हटलं की मगच श्वास सोडायची. तिची आई ओरडायची, "पोरीला सर्कशीत घालायचंय का?" पाचवीत ती गिरणी ओलांडून पुढच्या वळणापर्यंत जायला लागली. मी हे कंपनीत सांगत सुटायचो.

आठवीत असताना तिच्या शाळेजवळच्या रस्त्यावर एका टँकरचा व्हॉल्व्ह गळायला लागला. पांढरा धूर पसरला, पोरं किंचाळत सैरावैरा पळाली आणि किंचाळताना तोच धूर छातीत भरून घेतला. आमच्या पोरीने तोंड मिटलं, मैत्रिणीचं नाक आपल्या हाताने दाबलं आणि तिला ओढत आडव्या गल्लीत नेलं. दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीची आई पेढे घेऊन आली आणि माझ्या पायाला हात लावायला लागली. मी पेढ्यांचा तो डबा कंपनीत नेऊन सगळ्यांना वाटला. बापाने पोरीला आणखी काय द्यायचं असतं, असं मला वाटलं होतं. ते मी बोलूनही दाखवलं होतं.

बेटाचं नाव मी लिहिणार नाही. लहानसं होतं. आठ झोपड्या, एक धक्का, जनरेटरची वीज, आणि दिवसातून एकदाच येणारी मोठी बोट. पहिल्या सकाळी आम्ही तिघं वाळूवर उभे होतो. पोरगी म्हणाली, "पप्पा, इथे कशाचाच वास येत नाही." खरंच येत नव्हता. बोईसरला वासावरून कुठला प्लँट चालू आहे ते मी सांगू शकतो, आणि इथे मी येड्यासारखा नाक वर करून हुंगत होतो. तिची आई हसायला लागली.

पाण्याखाली उतरायला शिकवणारा तिशीतला, हिंदी बोलणारा, शांत माणूस होता. त्याने आधी कमरेएवढ्या पाण्यात सगळं करून घेतलं. टाकीतून हवा देणारी नळी तोंडातून निसटली तर हात मागून फिरवून ती कशी शोधायची, तोवर तोंडातून बारीक बुडबुडे कसे सोडत राहायचे. आणि एक गोष्ट त्याने तीनदा सांगितली. "साँस कभी नहीं रोकना. कुछ भी हो जाए, साँस चालू." खोल पाण्यात दाबाने हवा आवळलेली असते, वर येताना ती फुगते, आणि तोंड मिटलेलं असेल तर ती फुगायला फक्त फुप्फुस उरतं. त्याने वाळूत बोटाने फुगा काढून दाखवला, लहान आणि मोठा.

मला हे नवीन नव्हतं. बंद टाकीचा दाब उतरवताना हवा बाहेर सोडणारा व्हेंट उघडा ठेवायचा, हे मी नव्या पोरांना रोज सांगतो. तेच मी माझ्या मोडक्या हिंदीत त्याला सांगून शहाणपणा मिरवला. तो म्हणाला, "सर, आप तो उस्ताद हो." पोरगी माझी टर उडवत हसली. तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं. दोघेही कारखान्यात काम करणारी माणसं, दाब म्हणजे काय हे आम्हाला वेगळं शिकवायची गरज नव्हती. पण कळतं ते डोक्याला. सवय कुठे राहते ते मला माहीत नाही, पण ती डोक्याला विचारायला येत नाही.

दुसऱ्या दिवशी लहान बोटीने थोडं आत गेलो. तिची आई किनाऱ्यावर झाडाखाली बसून राहिली, मांडीवर तिघांच्या चपला घेऊन. पाण्यात तो शिकवणारा मधे, एक हात माझ्या टाकीवर, एक पोरीच्या. खाली उतरलो. खोटं कशाला सांगू, ते सुंदर होतं. निळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने आमच्या अंगावरून जात होते आणि पोरगी मला बोटाने एकेक दाखवत होती. मी आयुष्यात इतका सुखी फार कमी वेळा झालो असेन.

मग माझ्या डोळ्यांवरच्या काचेत पाणी शिरलं. कालच ते काढायला शिकलो होतो, पण मी गडबडलो, हात झाडायला लागलो. शिकवणाऱ्याने दोन्ही हातांनी मला धरलं. दहा आकडे मोजून होतील इतकाच वेळ गेला असेल. काचेतलं पाणी निघालं आणि त्याच्या खांद्यावरून मला पोरगी दिसली. तिच्या तोंडातली नळी सुटली होती. कशी, ते कुणालाच माहीत नाही. नळी बाजूला तरंगत होती आणि तिच्यातून बुडबुडे निघत होते.

पोरीने नळी शोधली नाही. तिने तोंड मिटलं. काचेच्या रबरावरूनच दोन बोटांनी नाक दाबलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पाय मारून वर निघाली. डोळ्यांत भीतीचा मागमूस नव्हता. तो चेहरा मी गिरणीजवळ उभा राहून शंभर वेळा बघितला होता.

मला ओरडायचं होतं, श्वास सोड. तोंडात रबर होतं. तरी मी ओरडलो. माझ्याच बुडबुड्यांनी मला पुढचं काही दिसेना. शिकवणाऱ्याने मला सोडून तिच्याकडे झेप घेतली, त्याचा हात तिच्या पायाला लागला आणि सुटला. आम्ही आठ मीटर खाली होतो. तिथून वर येईपर्यंत छातीतली हवा जवळजवळ दुप्पट होते. हे गणित मला तोंडपाठ आहे.

बोटीवर ती स्वतःच्या हाताने चढली, असं बोटवाल्याने सांगितलं. "ठीक हूँ" असंही म्हणाली. मी वर पोचलो तेव्हा ती उजवा हात डाव्या हाताने उचलून बघत होती, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मग तिच्या ओठांवर गुलाबी फेस आला आणि ती आडवी झाली. शिकवणाऱ्याने ऑक्सिजन लावला. त्याने जे करायचं ते सगळं केलं.

दाबाच्या टाकीत ठेवून करायचा उपचार त्या बेटावर नव्हता, तो मोठ्या गावात होता. मोठी बोट सकाळीच निघून गेली होती आणि समुद्र खवळायला लागला होता. दुसरी बोट मिळवून पोचायला सात तास लागले. सगळी वाट तिची आई पोरीचे तळवे चोळत होती आणि मला एकच विचारत होती, "अहो, झालं काय?" मी म्हणालो, "माहीत नाही." दर वेळी तेच म्हणालो.

हवेचा बुडबुडा मेंदूत गेला होता. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणली असती तर गोष्ट वेगळी होती. पोरगी जगली. उजवा हात आणि उजवा पाय पहिल्यासारखा राहिला नाही, आणि बोलताना शब्द अडकतात. लॅबमधली नोकरी अर्थात गेली. पालघरहून एक बाई व्यायाम घ्यायला येतात, मधल्या दिवसांत मी घेतो. दहा महिने झाले. पहिले दोन महिने सुधारणा दिसत होती, आता दिसत नाही. बाई तसं म्हणत नाहीत, पण हल्ली त्या घड्याळाकडे बघतात.

माहीमचा तो माझा सोबती दर रविवारी येतो. पोरीला म्हणतो, "बरी होशील गो, काय काळजी नाय," आणि चहा पिऊन जातो. मागचं काही काढत नाही, हे त्याचे उपकार. कंपनीत मी शिकवण्याचं काम सोडलं. साहेबांनी कारण विचारलं तर घसा धरतो म्हणून सांगितलं. पिशवी अजून छपरावर आहे आणि तो नियमही आहे तसाच आहे. नियम चुकीचा असता तर मला बरं वाटलं असतं. तो बरोबर आहे, त्याने तिला एकदा वाचवलंय. म्हणून रागवायला माझ्याजवळ माझ्याखेरीज कुणीच उरत नाही.

पोरीच्या आईजवळ तसा एक जण आहे. तिचा सगळा राग त्या शिकवणाऱ्यावर. पोरीला सोडून तो माझी काच पुसत बसला, असं ती येईल त्याला सांगते. मध्यंतरी तिने तक्रार लिहायला मला बसवलं. मी बसलो. माझं अक्षर चांगलं आहे. त्या माणसाने निष्काळजीपणा केला, सूचना नीट दिल्या नाहीत, असं मी वळणदार अक्षरात लिहीत गेलो. त्याने तीनदा सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पान भरत आलं होतं तेव्हा पलंगावरून पोरगी म्हणाली, "नको." तिला पुढचे शब्द जुळवायला वेळ लागला. "त्याची चूक नाही. मी घाबरले."

तिची आई रडायला लागली. "तू तर कधीच घाबरट नव्हतीस गं," एवढंच म्हणाली आणि माझ्या हाताखालचं पान ओढून फाडून टाकलं. तेव्हापासून ती लोकांना वेगळं सांगते. पोर पाण्यात घाबरली हो, म्हणते. ऐकणारा मान हलवतो. पोरगी शेजारी बसून ऐकते आणि मीही ऐकतो. आपली पोरगी घाबरट नव्हती, एवढं सांगायला एक वाक्य पुरेल. ते वाक्य मी दहा महिने गिळून बसलोय. ते सांगितलं की त्याच्या मागून दुसरं येणार, आणि मग ही बाई माझ्याबरोबर एका घरात कशी राहील ते मला कळत नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी पोरीची आई भाजीला गेली होती. मी पोरीच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होतो. ती म्हणाली, "पप्पा, मी घाबरले नव्हते."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

"तुम्हाला बघितलं मी. तुम्ही बघत होतात." थांबली. शब्द गोळा केले. "मला वाटलं, बरोबर करतेय. मला वाटलं, तुम्ही शाब्बास म्हणाल."

मी तिची बोटं तशीच धरून राहिलो. जिन्यात तिच्या आईच्या चपलांचा आवाज आला. आज हिला सगळं सांगून टाकतो, असं मी पोरीला म्हणालो, अगदी मोठ्याने म्हणालो. तिने नाही म्हणून मान हलवली. तिचा चालतो तो डावा हात तिने उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. दार उघडून तिची आई आत आली, पिशवी खाली ठेवली आणि वांगी महाग झाल्याचं सांगायला लागली. पोरीने हात काढून घेतला. मी म्हणालो, "हो, हल्ली महागच झालीत."