तिकोनी हॅटखालची माकडटोपी
ओल्या लोकरीचा वास आला की माझे कान दुखायला लागतात. दोन हजार चारच्या सुमारास, न्यू जर्सीत, ऑफिसातल्या बॉसच्या नादाने मी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली लढाई जुन्या वेशात पुन्हा रंगवणाऱ्या हौशी मंडळींच्या लुटुपुटूच्या लढाईत सैनिक झालो होतो आणि बॉस आमचा कॅप्टन. डिसेंबरात नदीकाठी, भिजून जड झालेल्या लोकरी कोटात सकाळपासून उभं राहून जीव मेटाकुटीला आला होता. तेवढ्यात बॉसला माझ्या तिकोनी हॅटखालची माकडटोपी दिसली. "काढ ती. त्या सैनिकांकडे नव्हती." "म्हणूनच गारठून मेले," असं पुटपुटत मी काढली. दुपारी तोच लालबुंद कानांनी सामानाच्या ट्रकमागे माझ्याकडे आला, "ती टोपी दे ना जरा." दिली. ती आजतागायत परत आली नाही. आता दारातला बर्फ उपसताना दमून थांबतो, तेव्हा वाटतं, त्या खऱ्या सैनिकांनी कुणाकडे टोपी मागितली असेल?