तुळशीजवळची तार

माझी थोरली बहीण विजेने गेली, असे पंचवटीत आजही सांगतात. सांगणारे पुढे हेही जोडतात की भावाला दिव्यांची हौस होती, तिने बहिणीचा बळी घेतला. माझ्या अंगणातली एक तार कोणी तोडली नसती तर ती त्या दिवशी गेली नसती. ती कोणी तोडली हे मला ठाऊक होते. त्या माणसाने चार लोकांत उभे राहून एकदा तसे म्हणावे, एवढेच मला हवे होते. तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ. आज तोही नाही आणि बायकोही नाही, म्हणून लिहायला मोकळा झालो.

आईबाप लहानपणीच गेले. अक्का नवऱ्यामागे दिंडोरीकडच्या सासरहून परत आली आणि डोक्यावर पाटी घेऊन तिने भाजी विकली, त्यावर मी वाढलो. पुढे मी भाजीची आडत सुरू केली. अक्काशिवाय मला कोणी काही दिले नाही. जे मिळवले ते भांडून, घासाघीस करून मिळवले. बाजारात मला तोंडाळ म्हणत. म्हणोत.

एकोणीसशे तीसनंतरच्या सालांत नाशकात वीज आली होती, पण ती पेढ्यांत आणि मोठ्यांच्या बंगल्यांत. मी पंचवटीत स्वतःचे घर बांधले तेव्हा विजेचा हट्ट धरला तो अक्कासाठी. रॉकेलच्या चिमणीच्या धुराने तिचे डोळे गेल्यातच जमा होते. संध्याकाळी ती भिंत चाचपत चाले. डॉक्टर म्हणाले होते, धूर बंद करा, आहे तेवढी नजर टिकेल.

वायरिंगला जुन्या नाशकातला एक मुसलमान मिस्त्री आणला. कामाला चोख, पण बोलायला लागला की थांबत नसे. सागवानी पट्ट्या, त्यांवर तारा, चिनी मातीचे फ्यूज, न्हाणीघराकडे ओल असते म्हणून तिथे तार लोखंडी नळीतून. हे सगळे नियमाने केले नाही तर वीज कंपनीचा माणूस तपासून परत जातो, जोडणी देत नाही. मी पट्टीवर घासाघीस केली, स्विचवर केली, त्याच्या मजुरीवर तर केलीच. शेवटी तो म्हणाला, "शेठ, एक गोष्ट सोडून बोला. अर्थिंगचं मी कमी करणार नाही."

"ते काय असतं?"

"नळी लोखंडाची. आत तार कधी सोलली तर वीज नळीत येते. मग ती जमिनीत जायला वाट पाहिजे. खड्डा घ्यायचा, कोळसा-मीठ भरायचं, तांब्याची पट्टी पुरायची, तिला तार जोडायची. वीज तिकडं पळते, फ्यूज उडतो, माणूस वाचतो."

"आणि तार नसली तर?"

"तर तुमच्या अंगातून जाईल. दिवे मात्र लागत राहतील. ही तार तुटली तर घरात कुणाला पत्ता लागत नाही, हेच तर वाईट हाय."

अर्थिंगवर मी एक शब्द बोललो नाही. तो म्हणाला, जमीन कायम ओली हवी, रोज पाणी कुठे पडते? ओट्यावर बसलेली अक्का म्हणाली, "तुळशीला पडतं की. मी घालते ना रोज."

बायको ओरडली, "अगंबाई! तुळशीत कोळसे पुरणार?"

"तुळशीत नाय गं, शेजारी," अक्का म्हणाली. "देवाला काय, मीठ तर नैवेद्यात बी असतं."

मिस्त्री हसायला लागला. वृंदावनापासून हातभर अंतरावर खड्डा घेतला.

दिवे लागले त्या संध्याकाळी अक्का खोलीच्या मधोमध उभी राहून स्वतःचे तळहात बघत होती. "किती सुरकुत्या पडल्या रे," म्हणाली. "लय दिवसांनी दिसले."

कार्तिकात तुळशीचे लग्न आले. आमच्याकडे मांडव घालायला मेव्हणा येई. तुळशीचा मामा म्हणून तो मान त्याचा. वृंदावनाच्या चार कोपऱ्यांवर खड्डे घेऊन ऊस उभे करायचे आणि शेंडे वर बांधायचे. त्या दिवशी मी आडतीवर होतो, बायका स्वयंपाकात. अंगणात तो एकटा, हातात पहार आणि ऊस तोडायला कोयता. संध्याकाळी आलो तो मांडव झकास उभा होता. दिवे लखलखत होते. मंगलाष्टके झाली, मुरमुरे-बत्तासे वाटले. मीच त्याला म्हटले, "पाहुणे, यंदा मांडव बेस झाला."

पौषात एके पहाटे अक्का अंघोळ करून न्हाणीघरातून बाहेर आली. बाहेर एक पायरी होती आणि ती चढताना भिंतीवरची नळी धरायची तिला सवय होती. दिवा डोक्यावर जळत होता. घागर पडल्यासारखा आवाज झाला म्हणून बायको धावली. मी पोचलो तेव्हा अक्का पायरीशी पडली होती, अंगावर ओले लुगडे. दिवा तसाच जळत होता.

मिस्त्री आला. त्याने नळी खोलून पाहिली. नळीच्या वळणावर आत तार घासून उघडी पडली होती. मग तो तुळशीजवळ बसला आणि माती उकरू लागला. हातभर खाली तांब्याची तार निघाली. एकाच घावात तोडलेली, टोक मागे वळवून दाबलेले. आणि त्याच खड्ड्यात उसाचे वाळके बुडखे अडकलेले होते.

मी मेव्हण्याला मागच्या दारी नेले.

"होती खरी एक तार," तो म्हणाला. "ऊस उभा राहीना. मुहूर्त टळत होता, दाजी. मी कोयत्यानं तोडली. दिवे तर चालूच होते! म्हटलं, जुनी कसली तरी असेल."

"मग मला सांगितलं का नाही?"

"शुभकार्यात कुठं तारेचं काढायचं? नंतर विसरलो."

"हे आता बाहेर सगळ्यांसमोर बोल."

तेवढ्यात बायको आली आणि तिने माझे हात धरले. "अहो, गेलेलं माणूस येतंय का? माझं माहेर तोडू नका." बाहेर समाचाराला आलेली माणसे बसली होती. त्यांच्यात कोणी तरी म्हणत होते, "विजेचं खूळ ते. गरिबाला कशाला हवं?" मी तिथेच पेटलो असतो. पण बायकोने हात सोडले नाहीत आणि मी गिळले. तेराव्यालाही गिळले. कंपनीच्या माणसाने जोडणी तोडली, घरात पुन्हा कंदील आले, आणि लोकांना वाटले मला पटले.

मी विसरलो नव्हतो. काही वर्षांनी मेव्हण्याच्या मुलीला स्थळ आले. मुलाचे वडील माझ्या आडतीवरचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी निरोप धाडला, तुम्ही घराबद्दल चांगले सांगाल तर पुढे जाऊ. मेव्हणा माझ्याकडे आला. टोपी हातात घेऊन बसला.

मी म्हटले, "मी शब्द टाकतो. पण बोलणीच्या बैठकीत आधी तू तारेचं बोलायचं. चार लोकांत."

"दाजी, मुलीच्या बैठकीत?"

"मुलीच्याच."

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "बरं." आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले, पण असा मनाजोगा एकही जमला नव्हता.

बैठक आमच्याच ओसरीवर झाली. सुपारी फुटायच्या आधी तो उठला. म्हणाला, "एक सांगायचंय. दाजींची अक्का गेली ती माझ्यामुळं. जमिनीतली तार मी तोडली होती, तुळशीच्या लग्नात. दाजींचा काही दोष नाही."

मग एक म्हातारा म्हणाला, "अरे, तुला रे काय माहीत ती कशाची?"

"मुद्दाम थोडंच केलं?" दुसरा म्हणाला.

"तुळशीच्याच कामात होता ना बिचारा."

कोणी त्याला पाणी दिले. कोणी पाठीवर हात ठेवला. तो रडायला लागला आणि सगळी ओसरी त्याच्याभोवती गोळा झाली. अक्काचे नाव कोणी काढले नाही. मी खांबाला टेकून बसलो होतो. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

मी शब्द दिला होता. मुलाच्या वडिलांना सांगितले, घर चांगले आहे, मुलगी गुणी आहे. सुपारी फुटली, जेवणे झाली. जाताना चपला घालता घालता ते माझ्या कानाशी आले.

"माणूस मनाचा मोठा आहे तुमचा मेव्हणा. सगळ्यांसमोर बोलला," ते म्हणाले. "पण तुम्हीही ती वीज घ्यायला नको होती बघा."

मी त्यांना विचारले, लग्न कोणत्या महिन्यात धरायचे.