परक्या नावाचं घंगाळ

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या, पण तांब्याची अशी ही एकच. रुंद तोंड, दोन जाड कड्या, बुडाला एक पोचा. आमच्या जुन्नरच्या घरात, हॉलमध्ये, खिडकीखालच्या कोपऱ्यात ती बसलेली असते. येणारा जाणारा म्हणतो, वा सर, काय घंगाळ मिळवलंत! मी मान हलवतो आणि चहा घेणार का विचारतो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. त्यामुळे आपल्याला दृष्टी आहे हा गैरसमज मी नोकरीभर पगारासकट सांभाळला आणि निवृत्त झाल्यावर तो मोकाट सुटला. बाजारपेठेच्या टोकाला एका चाचांचं भंगाराचं दुकान आहे. पंख्याच्या पात्यांखाली परात, परातीत दाराच्या कड्या, कड्यांखाली कुणाच्या तरी देवघरातली घंटा, असं ते दुकान. नव्या दुकानात आपण हवं ते सांगतो आणि ते मिळतं, त्यात कसली मजा? चाचांकडं आपल्याला काय हवं होतं ते वस्तू हातात आल्यावर कळतं. मी तिथं सकाळी दहाला जायचो आणि जेवायला बोलावणं आलं की काहीतरी काखोटीला मारून यायचो.

त्यातून आमचं घर सजलं, म्हणजे मी सजवलं आणि बायकोनं सोसलं. शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर फळी टाकून मी जेवणाचं टेबल केलं. खालचा पायानं हलवायचा पायटा काढायचा राहिला, त्यामुळे पाहुणे पोहे खाता खाता नकळत शिवण मारत बसतात. बंद पडलेल्या थेटरातल्या तीन जोड खुर्च्या आणल्या. त्यांचं बूड माणूस उठला की वर मिटतं. एकदा बायकोची मामी पदर सावरायला अर्धी उठली आणि परत बसली ती थेट फरशीवर. सलूनमधला लांबोडा आरसा लावला, तेव्हा बायको म्हणाली, आता गळ्याभोवती एक पंचा अडकवा म्हणजे गिऱ्हाइकं येतील.

ती नावं ठेवायची, पण आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन माझ्याबरोबर चाचांकडं हमखास यायची. तिचा जीव भांड्यांत. आपल्याकडं लग्नात दिलेल्या भांड्यावर खिळ्यानं टिंबाटिंबांनी नाव घालतात, कुणी दिलं, कुणाला दिलं. मोडीत आलेली ती भांडी ती एकेक उचलून वाचायची. हा तांब्या मामानं दिलेला दिसतोय, आत्याचा असता तर जड असता. हिच्या नावातलं अक्षर चुकलंय, बाई जन्मभर चुकीच्या नावानं पाणी प्यायली. आम्ही दोघं हसत हसत अशी परक्या नावांची सात-आठ भांडी घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडली. आपण काय वाचून हसतोय, याचा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नाही.

बायकोचं माहेर तळेघर, भीमाशंकरच्या वाटेवर. भात, नाचणी, दिवसाला मोजक्या एसट्या, बाकी पायाची गाडी. सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्यानंतर तिच्या धाकट्या भावानं सगळ्यांसमोर विचारलं, आक्का, आयच्या वस्तूंतलं तुला काय पायजे? ती म्हणाली, लुगडं नको, डोरलं नको, न्हाणीतलं घंगाळ दे. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या काकांनी दिलेलं, त्यांचं नाव घातलेलं ते घंगाळ. त्यात ऊन पाणी काढून त्यांनी ह्या दोघा भावंडांना अंगणात न्हाऊ घातलेलं. एकाच्या डोळ्यांत शिकेकाई गेली की दुसरं हसायचं, मग त्याची पाळी. भाऊ म्हणाला, तुझंच हाय ते, पाठवून देतो.

पुढं उन्हाळ्यात त्यानं जुनं घर पाडून स्लॅबचं काढलं. सामान पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. बायको फोनवर विचारायची, तो म्हणायचा, शेडमधी लई कोंबाकोंब झालीय, शोधतो. इकडं तिनं खिडकीखालचा कोपरा रिकामा केला. तिथं मी दुधाच्या जुन्या कॅनचा दिवा करून ठेवला होता, तो तिनं उचलून माझ्या खाटेखाली ढकलला. त्या कोपऱ्यात दुसरं काही ठेवायचं नाही, असा हुकूम. पावसाळा गेला. तिकडून ‘शोधतो’ आणि इकडं रोज सकाळी त्या रिकाम्या फरशीवरून ओलं फडकं. तिनं भावाला कधी टोचून विचारलं नाही. फोन ठेवला की कोपऱ्याकडं बघायची तेवढंच.

मला ते बघवेना. खरं सांगायचं तर मला रिकामा कोपराही बघवत नव्हता, दृष्टी होती ना. अशात एके दिवशी चाचांकडं घंगाळ आलं. काजळीनं काळंठिक्कर, पण घडण तीच, कड्या तशाच. माझ्या डोक्यात अशी कल्पना आली की मीच स्वतःवर खूश झालो. हे घरी न्यायचं आणि सांगायचं, तुझ्या भावानं पाठवलं. बहीण सुखी, भाऊ सुटला, कोपरा भरला.

चाचा म्हणाले, “सर, उद्या या. घासून देतो. घासल्यावर बघून घेतलेलं बरं असतं.”

मी त्यांना जुन्या वस्तूच्या सौंदर्यावर व्याख्यान दिलं. काळेपणा हाच तिचा दागिना, तो घालवायचा नसतो वगैरे. चाचांनी ऐकून घेतलं. मी फळीभर नावांची भांडी जमवणारा माणूस, पण नाव शोधायला बोट फिरवलं ते वरवर. काजळीखाली काही लागलं नाही, म्हणून नाव नाहीच असं मी ठरवून टाकलं.

घरी आलो आणि एका दमात थाप मारली. तळेघरहून घोडेगावपर्यंत जीपनं आलं, तिथून कंडक्टरच्या हाती, मी स्टँडवरून उचललं. बायको घंगाळापाशी खाली बसली, दोन्ही हात आत घातले आणि तशीच बसून राहिली. मग पोच्यावर बोट ठेवून म्हणाली, हा नव्हता. घर पाडताना वरून पडलं असंल. थोड्या वेळानं म्हणाली, लहानपणी लई मोठं वाटायचं हे. माझ्या खोट्यातल्या फटी तीच बुजवत होती आणि मी शेजारी उभा राहून मनात म्हणत होतो, जमलं.

फोनचा विचार मी केलाच नव्हता. तिनं भावाला लावला, स्पीकरवर. म्हणाली, मिळालं रे घंगाळ, कंडक्टरनं नीट आणलं. पलीकडं काही ऐकू येईना. शेडचा पत्रा कुणीतरी ठोकत होतं, तेवढाच आवाज.

मग तो म्हणाला, “हां… मिळालं का? म्हटलं, आक्काची वस्तू आक्काकडं जाऊ दे.”

मला मेव्हण्याचा असा अभिमान वाटला की विचारू नका. काय हुशार पोरगा, न सांगता डाव ओळखला, दाजीला वाचवलं. पुढच्या वेळी भेटला की पाठ थोपटायची असं मी ठरवलं. तो ‘हां’ म्हणजे काय, हे माझ्या टाळक्यात शिरायला दुपार व्हावी लागली.

दुपारी तिनं चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि मागच्या मोरीत घंगाळ घासायला बसली. मी काळेपणाच्या सौंदर्याबद्दल क्षीण आवाजात काहीतरी म्हणालो. तिनं ऐकलं नाही. बराच वेळ घासण्याचा खर खर आवाज येत होता. तो थांबला आणि परत सुरूच होईना, तेव्हा मी मागं गेलो. काठाखाली तांबडं तांबं उघडं पडलं होतं आणि त्यावर टिंबाटिंबांनी एक नाव आलं होतं. पुढं सौ., मधे एका बाईचं नाव, खाली गाव पिंपरी पेंढार. सासूबाईंचा त्या गावाशी काही संबंध नव्हता. बायको एकेका अक्षरावरून बोट फिरवत होती, बाजारात फिरवायची तसंच, फक्त हसत नव्हती.

कुठून आणलं, असं तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. रागावेल, घंगाळ माझ्या अंगावर टाकेल, अशी तयारी करून मी दारात उभा होतो.

“तुमी खोटं बोललात, ते तुमचं नेहमीचंच हाय,” ती म्हणाली. “पण तो हो का म्हणाला?”

मला कळेना. मग तिनं ढ पोराला समजावावं तसं मला समजावलं. “घरात असतं, तर म्हणाला असता, आक्का, मी कुठं पाठवलं? ते तर हितंच हाय. तसं न्हाई म्हणाला, म्हंजे मोडीत गेलंय ते. घर पाडलं तवाच गेलंय.”

तो शोधतो म्हणत होता तोवर ते घंगाळ शेडमध्ये, कुठल्यातरी पोत्यामागं, होतं. तिच्यापुरतं होतंच. मी एका सकाळीत ते तिथून काढलं आणि मोडीत घातलं. भावानं एकदा विकलं, मी दुसऱ्यांदा. मी फुशारकीनं म्हणालो, आत्ता फोन करून विचारतो त्याला. तिनं चिंचेच्या हातानं माझं मनगट धरलं. म्हणाली, विचारलं की तो सांगंल. मग मी तिथं जायचं कसं? आई नाही, घर नाही, आता भाऊ तेवढा आहे. मग तिनं परत चिंच घेतली आणि उरलेलं घंगाळ घासून पुरं केलं. पुसून, नावाची बाजू भिंतीकडं करून, तिनंच ते कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

भाऊबिजेला तो आला. नव्या तांदळाचं गाठोडं, नाचणीचं पीठ, माझ्यासाठी टोपी. मी त्याच्या नजरेला नजर देईना, तो माझ्या देईना. एकाच चोरीतले दोन चोर. बायकोनं पाट मांडला तो खिडकीपाशी, तिथंच जागा होती. ती ताटात निरांजन लावत होती. त्यानं बसता बसता घंगाळ पाहिलं, काठावर हात ठेवला, पंजानं थोपटलं.

“आक्का, ह्याच्यातच आय आपल्याला न्हाऊ घालायची, न्हाई का?”

ताट तिच्या हातात होतं. ती म्हणाली, “हो.” मग तिनं त्याला ओवाळलं. त्यानं वाकून नमस्कार केला, तिनं नेहमीसारखी त्याच्या पाठीवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. जेवताना भाताचं, पावसाचं, स्लॅबचं बोलणं झालं. दुपारच्या गाडीला मी त्याला सोडून आलो, तर ती जेवणाच्या टेबलाशी एकटीच बसली होती आणि खाली तिचा पाय पायट्यावर खालवर होत होता.

मी आपलं सारवासारव करायला गेलो. घर बांधायचं म्हणजे माणूस काय काय काढतो, बिचाऱ्याला नड असेल. ती म्हणाली, “मोडीत घातलं त्याचं काय न्हाई हो. पण त्यानं हात ठेवला आन् त्याला कळलं न्हाई.”

त्याला खरंच कळलं नाही, की कळून तो तसं बोलला, हे मला आजही सांगता येणार नाही. यातलं कुठलं बरं, तेही नाही. तिनं मात्र ठरवून टाकलं होतं.

थंडी संपता संपता नव्या घराची वास्तुशांत झाली. थोरल्या बहिणीचा मान मोठा असतो. त्यानं स्वतः फोन केला, जीप पाठवतो म्हणाला. तिनं आहेराची साडी आणली, भावजयीच्या पोरांना कपडे घेतले, सगळं नीट बांधून पिशवी माझ्या हातात दिली आणि मला एकट्याला पाठवलं. सांगा गुडघा धरलाय. आमच्या घरात खोटं बोलायचं काम माझ्याकडं आहे, त्यामुळे मी निघालो. डिंभ्याच्या पुढं गाडी चढाला लागली की ती नेहमी खिडकीकडची जागा मागायची. ह्या वेळी त्या जागेवर पिशवी होती.

मेव्हणा दारातच उभा होता. माझ्या मागं बघून म्हणाला, दाजी, आक्का? मी म्हणालो, गुडघा. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पिशवी घेतली, मला पाणी दिलं आणि मांडवात निघून गेला.

संध्याकाळी परत आलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. कोण कोण आलं होतं, पुरण कसं झालं, तिनं काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं, ताटातून नजर न काढता, तिनं विचारलं, आयची चूल व्हती, त्या जागेला आता काय हाय?

मी आठवून बघितलं. खोटं बोलायला चांगली संधी होती, देवघर म्हणता आलं असतं. पण खरं तेच सांगितलं, तिथं आता बाहेरची बाजू येते, मोटरसायकल लावतात.

बरं, म्हणाली, आणि तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला.