आप्पांच्या नावावरची कंपनी

मित्रांनो, न्हावऱ्याहून आत्ताच परतलोय. मन थाऱ्यावर नाही.

आमच्या नात्यातली वैशाली उपग्रहाची दिशा बदलणारं छोटं इंजिन बनवते. त्यासाठीच्या सरकारी निधीची आज तिथल्या तिच्या घरून ऑनलाइन मुलाखत होती. घरातलं सगळं वडिलांच्या नावावर असतं, म्हणून त्यांचा मान राखायला तिनं कंपनीही आप्पांच्याच नावावर काढलेली. नियम असा, की मालकानंच उत्तरं द्यायची.

पहिल्याच प्रश्नाला आप्पा म्हणाले, "सायेब, त्ये पोरीला इचारा. तिनंच केलंय समदं."

"मग कंपनी तुमची कशी?" साहेबांनी विचारलं.

अर्ज तिथंच नाकारला गेला.

वैशाली म्हणाली, "आप्पा, परत भरू की."

"भर. पर तवा माझं नाव नको लावू, बाई," एवढं बोलून आप्पा उठले.

वडिलांचा मान राखायला आपल्या लेकींनी स्वतःचं नाव अजून किती दिवस मागं ठेवायचं?