शालनने व्हीसीआर घेतला

शालन निपाणीची. लग्न होऊन बेंगळुरूला बसवनगुडीत आली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर लागली. पहाटे उठून सगळ्यांचे डबे, दिवसभर कानाला हेडफोन, घरी गेल्यावर पुन्हा स्वयंपाक. रविवारी पाहुणे ठरलेले. तिचे सासरे मल्हारराव तसे वाईट नाहीत, पण बाईमाणसाने दिवसा पाठ टेकली की त्यांना घरात दुखणं आल्यासारखं वाटतं. "काय होतंय? डॉक्टरकडे जायचं का?" असं विचारून विचारून ते तिला उठवतातच. नवरा दयानंद पेपरात तोंड खुपसून बसतो. मला त्या दोघांचाही राग येतो.

अशा घरात पंच्याण्णव साली शालनने एकदम व्हीसीआर मागितला. केबलवर मराठी मालिका लागायची ती दुपारी, आमच्या ड्यूटीच्या वेळात. ती टेप करून रविवारी बघणार म्हणाली. सुनेला आपल्या भाषेची एवढी ओढ, म्हणून मल्हाररावांना भरूनच आलं. दयानंदला वेळ नव्हता, तेव्हा एका शनिवारी आम्ही दोघीच चिकपेटला गुंडूअण्णांच्या दुकानात गेलो. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. मराठी बोलतात, पण आपल्या पद्धतीचं.

"अक्का, हे बघा. पिक्चर एकदम काचेसारखं," ते म्हणाले.

"एक टेप किती वेळ चालते? मधे उठून बदलावी लागते का?" शालनने विचारलं.

"तीन तास."

"त्याहून जास्त?"

अण्णांनी दुसरं मशीन काढलं. "ह्यात निम्म्या स्पीडवर सहा तास चालतंय. पण पिक्चर स्वल्प मळकट येतंय."

"सरी, चालेल. हेच द्या."

बाकी काही म्हणून तिने विचारलं नाही. मी वैतागले. एवढा खर्च करून धुरकट तोंडं बघायची? ऑटोत खोकं मांडीवर घेऊन बसल्यावर मी तिला तसं सुनावलंच.

"मला काय बघायचं नाही गं, अंजली," ती म्हणाली. "मला झोपायचंय. झोपते म्हटलं तर कोण झोपू देतंय? मालिका बघते म्हटलं की कोण हाक मारणार नाही."

माझ्या घरीही काही वेगळं नव्हतं. मला स्वतःचीही दया आली.

पुढे एका रविवारी मी तिच्याकडे गेले. दारातच मल्हाररावांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. सूनबाई मालिका बघतेय," ते कौतुकाने म्हणाले.

आत शालन चटईवर कुशीला वळून गाढ झोपली होती. पाय सुजलेले. पडद्यावर कुणी बाई सासूशी भांडत होती. मी भिंतीला टेकून बसले. बऱ्याच वेळाने टेप संपली आणि खोलीत एकदम शांत झालं.

लगेच बाहेरून हाक आली, "संपली वाटतं! शालन, चहा टाक गं."

ती डोळे मिटलेलेच ठेवून, हात टेकून उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून तिला परत निजवलं.

"संपली नाही काका, अजून आहे," मी ओरडून सांगितलं. टेप मागे नेऊन पुन्हा लावली, आवाज बाहेर ऐकू जाईल एवढा केला. मग दार लोटलं आणि मीही तिच्या शेजारी आडवी झाले.