नवव्या नंबरचा मालक

भगवंत बोंडेला आम्ही ‘मॅनेजर’ म्हणायला लागलो, तेव्हा तो कशाचाच मॅनेजर नव्हता. यावलहून बी.एस्सी. होऊन तो १९८८ साली सिल्वासाला आला आणि खडोलीच्या एका पाइपच्या कारखान्यात तपासनीस म्हणून चिकटला. मशीनमधून प्लास्टिकचा पाइप बाहेर आला की जाडी मोजायची, नापास असला तर तांबड्या खडूने फुली मारायची. सहा वर्षं त्याने एवढंच केलं, पण इस्त्रीचा शर्ट घालून केलं. घरी पोळीकडेसुद्धा तो जाडी मोजल्यासारखा बघतो, अशी शैलजावहिनींची तक्रार होती. मी त्याच कारखान्यात टायपिस्ट आणि टोकरखाड्यात त्यांच्या समोरच्याच खोलीत राहायला, त्यामुळे तक्रारी मला फुकटात ऐकायला मिळत.

चौऱ्याण्णव साली त्याने पुण्याच्या एका मॅनेजमेंटच्या कॉलेजात अर्ज केला. मुलाखतीत छाती काढून सांगितलं, “एकाच ठिकाणी सहा वर्षं काम केलं.” मे महिन्यात पत्र आलं. प्रतीक्षा यादी, क्रमांक नऊ. सोबत कामाच्या अनुभवाचा दाखला पाठवा, किमान दोन वर्षांचा.

“नववा म्हणजे आठ जण मेल्यावर,” मी म्हणालो.

“मेले कशाला? दुसरीकडं गेले तरी पुरे,” वहिनी म्हणाल्या.

भगवंत हसला नाही. बत्तीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसणार नव्हता. आता नाही तर खडू, एवढाच हिशेब.

आमचे इंजिनियर अनिकेत साहेब स्वतः पुण्यात एमबीए झालेले. त्यांनी त्याला नीट समजावलं. “गप्प बसू नको आणि रोज फोन करून भंडावूही नको. एकच पत्र लिही. अजून यायचंय, जागा दिली तर नक्की घेईन, असं स्पष्ट लिही. मुलाखतीनंतर काही नवं केलं असेल तर ते कळव. दाखला जोड. आणि हातातली नोकरी सोडू नको.” भगवंतने सगळं वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली.

अडलं ते दाखल्यावर.

त्याचं असं होतं की आमच्याकडे नव्या कारखान्याला करमाफी असायची, म्हणून आमचा कारखाना अधूनमधून नवा व्हायचा. गेटवरची पाटी बदलायची, पूजा व्हायची, पेढे वाटले जायचे आणि आम्ही चाळीस जण एका कागदावर राजीनामा आणि दुसऱ्यावर नेमणूक, अशा दोन सह्या करायचो. मशीन तेच, गेट तेच, गेटवरचं कुत्रंही तेच. शेवटच्या खेपेचे चाळीस राजीनामे मीच टाइप केले होते. ‘स्वेच्छेने’ हा शब्द मला अजून डोळे मिटून टाइप करता येतो. तर कागदोपत्री भगवंतचा सध्याच्या कंपनीतला अनुभव होता सात महिने.

हे त्याला पत्र आल्यावर कळलं. पेढा खाताना कोण हिशेब करतं?

तो हसमुखभाईंकडे गेला. हसमुखभाई ऑफिसचा सगळा कारभार बघत. मालक मुंबईला असत, ते आम्हाला फक्त फोटोत माहीत. हसमुखभाई कधी कुणासाठी खुर्चीतून उठत नसत. त्या दिवशी उठले.

“बेसो ने, बोंडेभाई. बंद कंपनीचा दाखला कोण देणार? पण रस्ता हाय.” त्यांनी ड्रॉवरमधून फाइल काढली. वर छापील गणपती. “चौथी कंपनी काढून राहिलोय. मालक म्हणून तुमचं नाव टाकू. मुलाखतीनंतर नवं काय केलं, कॉलेज विचारते ना? कारखाना काढला, लिहा. आणि मी तुमचा नोकर म्हणून दाखला देईन, के अमारा शेठला ह्या लाइनचा सहा वर्षांचा अनुभव हाय.”

मी टाइपरायटरवर मान खाली घालून हसलो. भगवंत मात्र चष्मा पुसत होता. म्हणजे त्याला ते पटलं होतं.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, “सही करायच्या आधी वाचलं का काही?”

“दोनदा सह्या केल्या, काय झालं? पाटीच बदलते ना? ह्या खेपेला पाटीवर आपण.”

“आजवर राजीनाम्यावर करत होतास. हे उलटं आहे.”

“अगं, जागा मिळाली की नाव काढून टाकतील. हसमुखभाई म्हणून राहिले.”

त्याने अकरा ठिकाणी सह्या केल्या. त्यांतली चार पानं कोरी होती, हे मला दिसलं. त्यालाही दिसलं असणार. पाइपच्या भिंतीत केसाएवढा फरक पकडणारा माणूस तो.

कॉलेजचं पत्र मी नव्या लेटरहेडवर टाइप केलं. भगवंतने सांगितलं, “हा कारखाना मी काढला.” ते फार कोरडं वाटलं, म्हणून ‘स्वतःच्या हिमतीवर’ हे मी घातलं. तो खूश झाला. हसमुखभाईही खूश झाले. म्हणाले, “एक कार्बन कॉपी मारी फाइल माटे.” त्यांच्या फाइलसाठीच्या त्या कॉपीवरही भगवंतची सही घेतली.

जूनमध्ये नव्या कंपनीची बिलं माझ्याकडे टाइपला येऊ लागली. इतके पाइप अमक्याला, तितके तमक्याला. पहिल्या आठवड्यात मी मोजत नव्हतो. दुसऱ्या आठवड्यात मोजले. आमची दोन मशीनं दिवसरात्र चालली असती तरी तेवढा माल निघाला नसता. त्या पाइपांवर कुणी फुली मारली नव्हती, कारण ते पाइप नव्हतेच. विकली जात होती ती नुसती बिलं.

“भाऊ,” मी जेवणाच्या सुट्टीत त्याला म्हणालो, “तुझ्या नावावर काय काय विकलं जातंय, बघितलंस का?”

त्याने डबा बंद केला. “किती नंबरावर आलोय माहीत आहे? चार. काल फोन केला होता. थोडे दिवस गप राह्य, भो.”

मी जाऊन पुढची बिलं टाइप करायला बसलो. पगार मलाही हसमुखभाईच देत.

जुलैच्या दुसऱ्या तारखेला जागा मिळाल्याचं पत्र आलं. ‘तरुण उद्योजक’ असा त्यात खास उल्लेख होता. तो वाचून भगवंत पहिल्यांदा हसला आणि लगेच थांबला. त्याच दुपारी हसमुखभाईंकडे गेला. “आता नाव काढून टाका.”

“काढू ने. दिवाळी पछी.”

“दिवाळीनंतर नाही, जायच्या आधी काढा.”

“कागद मुंबईला हाय, बोंडेभाई. कॉलेजला सांगू का, के कारखाना तुमचा नाय?”

हसमुखभाईंनी त्याला हार घातला आणि होस्टेलचा पत्ता वहीत लिहून घेतला. मालकाचा पत्ता ऑफिसात पाहिजेच, म्हणाले. वहिनी शाळेत शिकवत, त्या टोकरखाड्यातच राहिल्या. भगवंत पुण्याहून दर आठवड्याला पत्र टाकी आणि प्रत्येक पत्रात खाली विचारी, नाव निघालं का? वहिनी मला वाचून दाखवत आणि माझ्याकडे बघत.

दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या शेवटी कराच्या ऑफिसातले दोघे जण जीपने आले. आवाज न चढवता त्यांनी बिलांच्या फायली मागितल्या, दोन तास वाचल्या आणि विचारलं, “मालक कोण?”

“शेठ तो पुणा गया,” हसमुखभाई म्हणाले. “पढाई करने.” आणि त्यांनी कार्बन कॉपी पुढे सरकवली.

त्यातल्या एकाने ती मोठ्याने वाचली. ‘स्वतःच्या हिमतीवर’पाशी तो जरा थांबला, सही बोटाने पुसून पाहिली. मग पत्ता मागितला.

हसमुखभाईंनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. “साहेबांना पत्ता टाइप करी आप.”

खोलीचा नंबर चुकवावा असं माझ्या मनात येऊन गेलं. हसमुखभाई माझ्या खांद्यामागे उभे होते. मी दोन प्रती काढल्या.